टाचेजवळची जुळलेली हाडं: ऑपरेशन ठरवण्यापासून पुन्हा मैदानात उतरेपर्यंत

ज्या मुलाचा पाय वरचेवर मुरगळतो, येऊरच्या पायवाटेवर किंवा पारसिकच्या टेकडीवर जे सगळ्यांच्या मागे राहतं, पण घरातल्या सपाट लादीवर फारशी तक्रार करत नाही, त्याच्या पायाचा एक्स-रे ‘टार्सल कोएलिशन’ची, म्हणजे टाचेजवळची हाडं एकमेकांना जुळलेली असण्याची, शंका मनात ठेवून एकदा पाहायला हवा. अशा मुलांना ‘चपटा पाय आहे, बुटात पॅड घाला’ असं सांगून वर्षानुवर्षं परत पाठवलं जातं. पॅड घातलं की दुखणं उलट वाढतं, तेव्हा कुठे कोणाला शंका येते.

घोट्याखाली सात छोटीमोठी हाडं असतात. गर्भात ती एकाच पेशीसमूहातून वेगळी होतात. हे वेगळं होणं कुठे अर्धवट राहिलं, तर दोन हाडांमध्ये जोड राहून जातो. तो तंतूंचा, कूर्चेचा (कार्टिलेजचा) किंवा पक्क्या हाडाचा असू शकतो. दहापैकी नऊ रुग्णांत तो दोनच ठिकाणी सापडतो. एक जागा म्हणजे टाचेचं हाड कॅल्केनियस आणि कमानीच्या माथ्यावरचं नॅविक्युलर यांच्यामध्ये. दुसरी म्हणजे कॅल्केनियस आणि त्याच्यावर बसलेलं टेलस यांच्यामध्ये. जोड जन्मापासून असला, तरी कूर्चा हाडात बदलू लागते तेव्हा पाय कडक होतो आणि दुखायला लागतो. पहिल्या प्रकारात हे साधारण ८ ते १२ वर्षांच्या वयात घडतं, दुसऱ्यात १२ ते १६. ‘गेल्या वर्षापर्यंत तर खो-खो खेळत होती’ असं आईवडील म्हणतात, ते खरंच असतं. निम्म्या रुग्णांच्या दोन्ही पायांत जोड असतो आणि कधी कधी तो घराण्यातही चालत येतो.

मी ठाण्यात फिजिओथेरपी करते, हाडं कापणं हे माझं काम नाही. ऑपरेशन झालेले पाय मात्र माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या फरकावरून एक गोष्ट मला पटली आहे. ‘ऑपरेशन करायचं का’ यापेक्षा ‘कोणतं करायचं, आणि तेच का’ हा प्रश्न मोठा आहे. दोघांच्या कागदावर निदान एकच असतं, तरी एकाला तासाभरात जोड काढून घरी पाठवता येतं आणि दुसऱ्याचा सांधा कायमचा बंद करावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या निवडीबद्दल आणि नंतरच्या सहा आठवड्यांबद्दल आहे.

घरी करता येईल अशी पहिली पारख

मुलाला अनवाणी, पाठमोरं उभं करा आणि चवड्यांवर उभं राहायला सांगा. नेहमीच्या पायात टाच आतल्या बाजूला वळते आणि तळपायाची कमान उठून दिसते. लवचीक चपट्या पायातही ती उठते. असा पाय दुखत नसेल तर त्याला बहुधा कसल्याच उपचाराची गरज नसते. जोड असलेल्या पायाची टाच बाहेर झुकलेलीच राहते आणि कमान उठत नाही. मग मुलाला खुर्चीत बसवून टाच हातात धरा आणि हळूच आत-बाहेर हलवून पाहा. दुसऱ्या पायाच्या तुलनेत ती अडल्यासारखी वाटते का? पण दोन्ही पायांत जोड असेल तर ही तुलना फसवते, हे लक्षात ठेवा. आणखी एक खूण म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या शिरा ताठ झालेल्या जाणवणं. प्रत्यक्षात ते पेरोनियल स्नायूंचे दोर असतात.

सकाळी उठल्यावर सांधे आखडणं, पाय लाल होऊन सुजणं, ताप येणं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. संधिवात, जंतुसंसर्ग, हाडातली गाठ, यांतलं काहीही पायाला असंच कडक करू शकतं. तिथे आधी रक्ततपासणी.

हाडवैद्याकडे जाऊन पाय जोरात वळवून घेण्याचा मोह टाळा. दोन हाडं मुळात जुळलेलीच असतात, ओढून ती सुटत नाहीत. आजूबाजूचे स्नायू मात्र आणखी आक्रसतात.

एक्स-रे आणि सीटी: काय मागून घ्यायचं

बऱ्याच एक्स-रे सेंटरमध्ये पायाचा फोटो रुग्णाला झोपवून काढतात. आपल्याला तो उभं राहून, पायावर भार देऊन हवा, कारण टाचेचा तिरकेपणा भार आल्यावरच दिसतो. समोरून, बाजूने, ४५ अंश तिरका आणि टाचेच्या मागून घेतलेला हॅरिस व्ह्यू, असे चार फोटो चिठ्ठीवर लिहून घ्या. कॅल्केनियस-नॅविक्युलर जोड तिरक्या फोटोत सहज सापडतो. बाजूच्या फोटोत कॅल्केनियसचं पुढचं टोक लांबट, मुंगीखाऊ प्राण्याच्या नाकासारखं दिसतं. टेलस-कॅल्केनियस जोडात बाजूच्या फोटोवर इंग्रजी ‘सी’सारखी सलग रेघ उमटते. टेलसच्या पुढच्या कडेवर चोच दिसली, तर ‘सांधा झिजला’ असं समजून घाबरू नका. ती बऱ्याचदा नुसत्या ताणाने तयार झालेली असते.

ऑपरेशनचा विचार सुरू झाला की सीटी स्कॅन हवाच, आणि तो दोन्ही पायांचा. दुसरा पाय दुखत नसला तरी तुलना मिळते. शिवाय दुखऱ्या पायातच दुसरा जोड लपलेला असेल तर तोही दिसतो. तंतूंचा किंवा कूर्चेचा जोड सीटीत पुसट दिसतो, तिथे एमआरआय उपयोगी पडतो. सीटीची नुसती फिल्म घेऊ नका. सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, कारण दुसऱ्या सर्जनचं मत घेताना काप पुढेमागे सरकवून बघावे लागतात.

आधी प्लास्टर

दुखत नसलेला जोड कापायचा नसतो, मग तो सीटीत कितीही ठसठशीत दिसो. दुखत असेल तरी पहिला उपाय म्हणजे गुडघ्याखाली प्लास्टर किंवा वॉकिंग बूट, ४ ते ६ आठवडे. सोबत डॉक्टरांनी दिलेली सूज उतरवणारी गोळी आणि खेळाला सुट्टी. प्लास्टर निघाल्यावर टाचेला घट्ट धरणारा साचा बुटात वापरतात. बऱ्याच मुलांचं यावर भागतं आणि निदान परीक्षेचं वर्ष तरी निभावतं. प्लास्टर काढल्यावर दुखणं परत आलं, तर आणखी वर्षभर पॅड बदलत बसण्यात अर्थ नाही. तोपर्यंत शेजारचे सांधे झिजायला लागले, तर सोप्या ऑपरेशनची वेळ निघून जाते.

कोणतं ऑपरेशन, हे कशावरून ठरतं

तीन गोष्टी बघितल्या जातात: जोड कुठे आणि केवढा आहे, टाच किती बाहेर झुकली आहे, आणि आजूबाजूच्या सांध्यांची कूर्चा शाबूत आहे का.

कॅल्केनियस-नॅविक्युलर जोडाचं काम तुलनेने सरळ आहे. पायाच्या बाहेरच्या बाजूला लहान तिरका छेद घेतात, वरचा छोटा स्नायू उचलतात आणि मधला हाडाचा पूल काढून टाकतात. खरं कसब इथेच लागतं. हाडाचा तुकडा चौकोनी निघाला पाहिजे, म्हणजे फट तळापर्यंत सारखी रुंद राहते. वर रुंद आणि खाली निमुळती पाचर काढली, तर तळाशी जोड शिल्लक राहतो आणि दुखणंही राहतं. ऑपरेशन टेबलावरच सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पाय हलवून फट मोकळी झाल्याची खात्री केली जाते. मग तिथे पुन्हा हाड वाढू नये म्हणून काहीतरी भरतात: तोच उचललेला स्नायू, रुग्णाच्या अंगातून घेतलेली चरबी किंवा बोन वॅक्स, म्हणजे हाडावर लावायचं मेण. स्नायू भरण्याची पद्धत जुनी आहे, पण तो पुष्कळदा फटीच्या तळापर्यंत पोचत नाही. म्हणून अनेक सर्जन आता चरबी पसंत करतात. वेळेवर केलेल्या या ऑपरेशननंतर बहुतेक मुलं पुन्हा खेळायला लागतात.

टेलस-कॅल्केनियस जोड जास्त अवघड आहे. तो पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या खाली असतो आणि तिथून स्नायूंचे दोर, रक्तवाहिनी आणि नस जातात. ती बाजूला सारून, चारही कडांना निरोगी चकचकीत कूर्चा दिसेपर्यंत जोड काढत जावं लागतं आणि मग पोकळीत चरबी भरतात. कोणाला याचा फायदा होणार नाही, याबद्दल वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली काही निकष मांडले. जोडाचं क्षेत्रफळ टेलस आणि कॅल्केनियसमधल्या मागच्या सांध्याच्या निम्म्याहून जास्त असणं, टाच १६ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेली असणं, मागचा सांधा अरुंद झालेला असणं, ही वाईट लक्षणं मानली गेली. पुढे इतर सर्जनांना मोठ्या जोडांतही बरे निकाल मिळाले, त्यामुळे ५० टक्के ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तरी तुमच्या सीटीवर हे आकडे मोजले आहेत का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्या सर्जनने ते मोजलेच नाहीत, त्याच्याकडे मी दुसरं मत घेतल्याशिवाय ऑपरेशन करून घेतलं नसतं.

टाच फार झुकली असेल, तर नुसता जोड काढून पाय मोकळा होतो खरा, पण तो आणखी चपटा पडू शकतो आणि दुखत राहतो. मग टाचेचं हाड कापून आत सरकवतात. किंवा त्याच्या पुढच्या भागात हाडाची पाचर बसवून बाहेरची बाजू लांब करतात, ही पद्धत इव्हान्स यांनी १९७५ मध्ये मांडली. पोटरी आखडलेली असेल तर तीही थोडी सैल करतात. हे सगळं जोड काढतानाच करायचं की नंतर दुसऱ्या वेळी, यावर सर्जनांत एकमत नाही.

कूर्चा झिजली असेल, आणि मोठ्या माणसांत हे जास्त दिसतं, तर सांधा बंद करणं हाच खात्रीचा उपाय उरतो. उरलेली कूर्चा खरवडून स्क्रूने टेलस आणि कॅल्केनियस पक्के जोडतात. झीज पुढपर्यंत गेली असेल तर तीन सांधे बंद करतात, त्याला ट्रिपल फ्युजन म्हणतात. ‘जुळलेली हाडं दुखतात म्हणून आलो आणि डॉक्टर आणखी जुळवायला निघाले’ असं एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते. पण दुखतं ते अर्धवट जुळलेल्या सांध्यातल्या थोड्याशा हालचालीमुळे. ती हालचाल पूर्ण थांबली की दुखणं थांबतं. घोटा वर-खाली हलतोच. टाचेची आत-बाहेर हालचाल मात्र कायमची जाते, खडबडीत जमिनीवर चालताना ते जाणवतं आणि पुढच्या वर्षांत शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत फ्युजन सुचवलं गेलं, तर कारण नीट समजून घ्या.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. माझा सर्जन अशी किती ऑपरेशनं करतो? फटीत काय भरणार? टाच सरळ करणार का, नसल्यास का नाही? पाय किती आठवडे टेकवायचा नाही? पुन्हा जोड वाढला तर पुढे काय? धोक्यांमध्ये जखम उशिरा भरणं, जंतुसंसर्ग, पायाच्या कडेला बधिरपणा आणणारी नसेची इजा, जोड परत वाढणं आणि फ्युजनमध्ये हाड न जुळणं, एवढ्यांची चर्चा व्हायला हवी. सिगारेट ओढणाऱ्याचं हाड जुळायला त्रास होतो, हे डॉक्टरांपासून लपवू नका.

मुलांसाठी बालअस्थिरोगतज्ज्ञ आणि मोठ्यांसाठी पाऊल-घोट्याचं काम करणारा सर्जन शोधावा. ठाण्यात, वाशी-नेरुळमध्ये असे डॉक्टर खाजगीत बसतात. महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय जवळ आहेत. परळला जायची तयारी असेल तर केईएम आणि लहान मुलांसाठी वाडिया आहे.

महिना निवडा, कागद जमवा

हे ऑपरेशन तातडीचं नसतं, त्यामुळे वेळ आपल्या हातात असते. नुसता जोड काढायचा असेल तर दिवाळीची सुट्टी मला सगळ्यात सोयीची वाटते: हवा कोरडी, रस्ते कोरडे. मे महिन्यात केलं तर घामाने प्लास्टरखाली खाज सुटते, पण शाळा बुडत नाही. फ्युजन किंवा टाच सरकवण्याचं काम मेच्या शेवटी केलं, तर कुबड्यांचे आठवडे नेमके जून-जुलैमध्ये येतात. घोडबंदर रोडवरची तुंबलेली पाण्याची डबकी किंवा सानपाड्याचा निसरडा सबवे कुबड्यांवर ओलांडून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर परीक्षा आटोपू द्या.

विम्याचं आधी निस्तरा. हा आजार जन्मजात असतो आणि ‘जन्मजात’ शब्द दिसताच दावा अडकू शकतो. पॉलिसीत सहसा बाह्य जन्मजात व्यंग वगळलेलं असतं. अंतर्गत, म्हणजे शरीराच्या न दिसणाऱ्या भागातलं व्यंग, वेगळ्या कलमात येतं. टार्सल कोएलिशन हाडांच्या आत असल्यामुळे ते अंतर्गत आहे, हे सर्जनकडून पूर्वमंजुरीच्या अर्जावरच स्पष्ट लिहून घ्या आणि ते कलम स्वतः वाचा. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. दुखणं कधी सुरू झालं याची केस पेपरवरची नोंद त्यामुळे महत्त्वाची ठरते. ती खरी आणि एकसारखी असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशनचा दिवस

यात फार काही नाही. जेवण आदल्या रात्रीच, साधं पाणी भूलतज्ज्ञ सांगतील त्या वेळेपर्यंत. सहसा घन पदार्थ ६ तास आणि पाणी २ तास आधी बंद. मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांना बऱ्याचदा कमरेतून. पायाची नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल तर पहिली रात्र सुखाची जाते. मात्र त्याचा असर उतरण्याआधीच वेदनेची गोळी सुरू करायची असते, हे नर्सला विचारून ठेवा. दोन्ही पाय दुखत असले तरी सहसा एकावेळी एकच पाय करतात.

पहिले पंधरा दिवस

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर, उशांच्या चळतीवर ठेवायचा. सोफ्यावर लोंबकळता पाय ठेवून टीव्ही बघणं म्हणजे ‘पाय वर’ नव्हे. बोटं दर तासाला हलवा. पाय उंच ठेवून आणि गोळ्या घेऊनही दुखणं वाढत चाललं, बोटं हलवली तरी कळ आली, बोटं निळी-पांढरी किंवा बधिर पडली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. प्लास्टरच्या आत दाब वाढल्याची ती लक्षणं आहेत. ताप, प्लास्टरला दुर्गंधी, ओल झिरपणं यासाठी त्याच दिवशी फोन करा. मोठ्या माणसांत पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं हे रक्ताच्या गाठीचं लक्षण असू शकतं. त्यालाही उशीर नको.

घराची तयारी ऑपरेशनच्या आधी करा. नौपाड्यातल्या जुन्या इमारती आणि वाशी-नेरुळच्या सिडकोच्या कितीतरी कमी उंचीच्या सोसायट्यांना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला बसून, हातांच्या जोरावर एकेक पायरी चढायला आधीच शिकवा. ते लाजिरवाणं वाटतं, पण कुबड्यांवरून पडण्यापेक्षा बरं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. आंघोळीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसा आणि प्लास्टर पिशवीत बांधून बादलीच्या बाहेर ठेवा. लादी पुसायची वेळ रुग्ण पलंगावर असतानाची ठेवा. कुबड्यांची रबरी टोकं झिजली असतील तर बदला.

कुबडीचा भार तळहातांवर यायला हवा, काखेत नाही. काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांची फट ठेवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. मांडी घालून बसणं सध्या बंद, कारण पायाची बाहेरची कड दाबली जाते आणि छेद नेमका तिथेच असू शकतो.

पाय टेकवताना

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. नुसता जोड काढला असेल तर २-३ आठवड्यांनी प्लास्टर काढून हालचाल सुरू होते. इथे घाबरून पाय जपत बसलात तर ऑपरेशनचा अर्धा फायदा गेला. मोकळी झालेली जागा हलती ठेवली नाही, तर ती पुन्हा आखडते. अंगठ्याने हवेत अ-आ-इ-ई गिरवणं आणि टाच आत-बाहेर वळवणं, हे व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं करायचे. वर-खाली हालचाल सगळेच करतात, आत-बाहेर करायला टाळतात. ऑपरेशन तर तिच्यासाठीच केलेलं असतं! भार कधी टाकायचा हे सर्जन सांगेल. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हळूहळू.

फ्युजन किंवा हाड कापलेलं असेल तर नियम उलटा. एक्स-रेमध्ये हाड जुळायला लागल्याचं दिसेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, पाय टेकवायचाच नाही. नंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत बूट. ‘आता दुखत नाही’ म्हणून चार पावलं टाकणाऱ्यांचेच स्क्रू ढिले होतात.

मग पोटरीची ताकद, एका पायावर तोल आणि शेवटी उतार-चढाव. तलावपाळीचा सपाट फेरा आधी, उपवनचा रस्ता नंतर, येऊर सगळ्यात शेवटी. जोड काढलेली मुलं ३-४ महिन्यांत खेळायला लागतात, फ्युजनवाल्यांना चालणं सहज व्हायलाच सहाएक महिने लागू शकतात. संध्याकाळी येणारी सूज त्याहूनही जास्त काळ टिकते. तिच्यासाठी दर आठवड्याला एक्स-रे काढू नका.

सहा महिन्यांनंतरही दुखत असेल तर

‘सवय होईल’ या उत्तरावर थांबू नका. जोड पूर्ण निघालेला नसतो, परत वाढलेला असतो, दुसरा जोड नजरेतून सुटलेला असतो, टाच अजून झुकलेली असते, एखादी नस व्रणात अडकलेली असते किंवा सांधा आधीच झिजलेला असतो. यांतलं काय आहे ते नव्याने उभ्याने काढलेला एक्स-रे, सीटी आणि नीट तपासणी सांगते. जुनी सीडी म्हणूनच जपून ठेवायची. दुसरा पाय दुखत नसेल तर त्याला हात लावू नका. धाकट्या भावंडाचा पाय वरचेवर मुरगळत असेल, तर मात्र त्याला चवड्यांवर उभं करून बघा.